झोपेच्या गोळीचा शेवट कोण लिहिणार?

मराठी मध्यमवर्गीय घरात दारूची बाटली सापडली तर सारे घर हादरते. आईच्या डोळ्याला पाणी येते, वडीलधारी मंडळी बैठक बसवतात, नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. त्याच घरात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांच्या डब्यात झोपेच्या गोळ्यांचे पाकीट दहा-दहा वर्षे मुक्काम ठोकून असते आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. उलट ‘बाबांची रात्रीची गोळी संपत आली, येताना घेऊन ये’ असे मुलाला बजावले जाते. मुलगाही जुनी चिठ्ठी, कधी कधी तर नुसते रिकामे पाकीट दाखवून ती घेऊन येतो. व्यसनाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या समाजाने एका परावलंबित्वाला मात्र औषधाच्या डब्यात सन्मानाने जागा दिली आहे.

हे परावलंबित्व कोणाच्या चारित्र्यदोषातून आलेले नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. निवृत्तीनंतर दिवस रिकामा झालेला बँक अधिकारी, सासूच्या दीर्घ आजारपणात रात्रीमागून रात्री जागलेली गृहिणी, पती गेल्यावर एकटी पडलेली शिक्षिका, पाळ्यांच्या चक्रात दिवस-रात्रीचे भान हरपलेला कामगार, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे पुण्यात काम करणारा संगणक अभियंता. यांच्यापैकी कोणीही नशेसाठी गोळीकडे वळलेला नसतो. झोप येईना म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. गोळी कधी सुरू करायची ते त्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. ती कधी आणि कशी थांबवायची, ते मात्र लिहिलेले नव्हते. त्या न लिहिलेल्या एका ओळीची किंमत आज असंख्य घरे मोजत आहेत.

प्रत्येक पिढीला तेच आश्वासन

झोपेच्या औषधांचा इतिहास हा मोडलेल्या आश्वासनांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बिच्युरेट वर्गातील औषधे आली. पन्नास वर्षे ती सर्रास दिली गेली. मात्रा थोडी वाढली तर श्वास थांबतो आणि सवय जडली की सुटत नाही, हे कळेपर्यंत अनेकांचे प्राण गेले होते. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे शामक म्हणून बाजारात आले. ते इतके निर्धोक असल्याचे सांगितले गेले की चिठ्ठीवाचून मिळू लागले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घ्यावे लागले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्माला आली होती.

त्यानंतर आली बेंझोडायझेपिन वर्गातील औषधे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून रोश या कंपनीने १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, बाजारात आणले. बार्बिच्युरेटपेक्षा ती खरोखरच अधिक सुरक्षित होती. परंतु ‘अधिक सुरक्षित’ या शब्दांचे ‘सुरक्षित’ असे भाषांतर व्हायला वेळ लागला नाही. १९६९ ते १९८२ या काळात व्हॅलियम हे अमेरिकेतील सर्वाधिक खपाचे औषध होते. केवळ १९७८ या एका वर्षात त्याच्या दोन अब्जांहून अधिक गोळ्या विकल्या गेल्या. भारतातही डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने घरोघरी पोहोचले. ‘काम्पोज घेऊन पडा जरा’ हा सल्ला मराठी माणसाला इतका परिचित झाला की हे औषध आहे, याचाच विसर पडला.

धोक्याचे इशारे मिळत नव्हते असे नाही. १९७९ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या गोळ्यांच्या विळख्यात सापडलेल्यांनी साक्षी दिल्या. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने या औषधांचा उपयोग दोन ते चार आठवड्यांपुरताच करावा, असा सल्ला दिला. मग बाजाराने नवा मार्ग काढला. झोल्पिडेम आणि तिच्या भगिनी ‘सवय न लावणाऱ्या’ म्हणून पुढे आल्या. अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळालेल्या झोल्पिडेमची स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा २०१३ साली निम्म्यावर आणावी लागली, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात शिल्लक राहत होते. २०१९ साली तिच्या वेष्टनावर झोपेत चालणे, झोपेत वाहन हाकणे यांविषयी सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश निघाला. २०२० साली अमेरिकी औषध प्रशासनाने संपूर्ण बेंझोडायझेपिन वर्गावरच परावलंबित्वाचा आणि औषध सोडतानाच्या धोक्यांचा तसाच इशारा छापायला लावला. व्हॅलियम बाजारात आल्यापासून या इशाऱ्यापर्यंत ५७ वर्षे लोटली होती. एवढ्या काळात दोन पिढ्या गोळी घेऊन झोपल्या.

मेंदूची वही

या गोळीचे कार्य समजून घेतले तर तिचा सापळाही समजतो. मेंदूत गॅबा नावाचे एक नैसर्गिक रसायन आहे. मेंदूच्या उधळलेल्या घोड्यांना लगाम घालणे हे त्याचे काम. गोळी हा लगाम अधिक घट्ट ओढते. मन शांत होते, स्नायू सैलावतात, डोळा लागतो. पहिल्या काही रात्री हा चमत्कारच वाटतो.

मेंदू मात्र वही घेऊन बसलेला असतो. बाहेरून लगाम ओढला जात आहे असे दिसताच तो आपला स्वतःचा हात सैल सोडतो. काही आठवड्यांत त्याच मात्रेचा परिणाम ओसरू लागतो. झोप आली तरी गाढ झोपेचा वाटा कमी झालेला असतो. आठ तास पडूनही सकाळी डोके जड राहते. अशा अवस्थेत एका रात्री गोळी चुकली, तर बाहेरचा लगाम सुटलेला आणि आतला हात सैल पडलेला. घोडे उधळतात. त्या रात्रीची अनिद्रा मूळच्या अनिद्रेपेक्षा भयंकर असते.

नेमक्या याच क्षणी माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो. ‘बघा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही’ असे तो म्हणतो. घरचेही मान डोलावतात. पुष्कळदा डॉक्टरही तेच मानतात. वस्तुतः त्या रात्रीची तळमळ हा गोळी एकाएकी सुटल्याचा परिणाम असतो. रोगाचे लक्षण समजून ज्यावर पुन्हा तीच गोळी दिली जाते, ते त्या गोळीनेच निर्माण केलेले असते. साठ वर्षे या गोळ्यांचा व्यापार ज्या गैरसमजावर पोसला गेला, तो हाच.

वयस्कांच्या बाबतीत हिशेब आणखी महाग पडतो. वार्धक्यात यकृत औषध सावकाश निचरते, त्यामुळे कालची मात्रा आजच्या मात्रेत मिसळते. रात्री लघवीसाठी उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो. नावे आठवत नाहीत, दिवसा गुंगी राहते. घरचे समजतात वय झाले. घोरण्याच्या विकारात झोपेत श्वास अडत असेल तर गोळी तो अडथळा वाढवू शकते. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामकाच्या सोबतीने ती जीवही घेऊ शकते. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची जी यादी अमेरिकेतील वृद्धवैद्यक तज्ज्ञ वेळोवेळी प्रसिद्ध करतात, तिच्यात हा वर्ग उगाच नाही.

‘आता या वयात सोडून काय मिळवायचे?’ असा प्रश्न विचारला जातो. न मोडलेला खुबा, उजाडताना स्वच्छ असलेले डोके आणि नातवंडांची आठवणारी नावे, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे.

कायदा कपाटात, गोळी काउंटरवर

या देशात कायदा नाही असे कोणी म्हणू नये. डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात. २०१३ साली अधिसूचित झालेल्या आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम यांचा समावेश आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली पाहिजे, डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवली पाहिजे आणि ती तीन वर्षे जपली पाहिजे, असे नियम सांगतो. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावे, असेही नियमात आहे.

प्रत्यक्षात काय घडते, हे सांगायला कोणा शोधपत्रकाराची गरज नाही. ओळखीच्या दुकानात ‘काका, नेहमीचे द्या’ एवढे दोन शब्द चिठ्ठीचे काम करतात. पाच वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली चिठ्ठी दरमहा चालते. डॉक्टरही फोनवर ‘चालू ठेवा’ म्हणून मोकळे होतात. दहा मिनिटांत दहा रुग्ण पाहणाऱ्याकडे रुग्णाच्या झोपेचा इतिहास ऐकायला सवड नसते आणि गोळी लिहायला मात्र दहा सेकंद पुरतात.

आणि याच औषधाचा दुसरा चेहराही महाराष्ट्राने पाहिला आहे. उत्तर महाराष्ट्रात ‘कुत्ता गोळी’ या नावाने तरुणांना नशेसाठी विकली जाते ती हीच अल्प्राझोलाम. पोलीस तिचा साठा पकडतात तेव्हा वृत्तपत्रांत मथळे येतात, समाज हळहळतो. तीच गोळी वडिलांच्या उशाशी असते तेव्हा तिला ‘औषध’ म्हणतात. द्रव्य एकच, मेंदूवरील परिणाम एकच. फरक आहे तो केवळ पाकीट कोणत्या खिशात आहे याचा. गल्लीतील विक्रेत्यावर कारवाई हवीच. परंतु चिठ्ठीचा कायदा प्रतिष्ठित दुकानाच्या काउंटरवर मोडत असताना गल्लीत तो पाळला जाईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

दोन टोके, दोन्ही घातक

या विषयावर समाजात दोन टोकाचे पक्ष आहेत. एक म्हणतो, ‘गोळीने झोप येते ना, मग कशाला छेडता?’ त्याचा समाचार वर घेतला. दुसरा पक्ष अधिक उत्साही आहे आणि म्हणूनच अधिक धोकादायक. हा पक्ष म्हणतो, ‘फेकून द्या त्या गोळ्या! आजपासून प्राणायाम करा. संकल्प पाहिजे, संकल्प!’ हा पक्ष व्याख्यानांतून भेटतो, शिबिरांतून भेटतो, लग्नाच्या पंगतीत भेटतो. खेदाची गोष्ट ही की स्वदेशीचा आणि भारतीय जीवनपद्धतीचा अभिमान बाळगणाऱ्यांतही त्याला मोठा अनुयायीवर्ग आहे.

वर्षानुवर्षे घेतलेली ही गोळी एका रात्रीत बंद करणे म्हणजे धाडस नव्हे, तो अपघात आहे. दरदरून घाम, छातीत धडधड, हातांना कंप, कानात आवाज, प्रकाश आणि गोंगाट असह्य होणे, भ्रम, आणि मात्रा मोठी असेल तर अपस्मारासारखे झटके इथवर मजल जाऊ शकते. त्यातून प्राण गेल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. मग होते असे की संकल्प करणारा तिसऱ्या रात्री पुन्हा गोळीकडे वळतो, आणि गोळीसोबत आता अपराधीपणाचीही भर पडते. ज्याला आधार द्यायचा त्यालाच ‘तुमची इच्छाशक्ती कमी पडली’ असे ऐकवले जाते. मेंदूतील रसायनांचे गणित इच्छाशक्तीच्या भाषणाने सुटत नाही.

याच पक्षाचा दुसरा आग्रह असतो, गोळी सोडून एखादे ‘नैसर्गिक’ चूर्ण घेण्याचा. सर्पगंधेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. निद्रानाशावर आणि उन्मादावर ही वनस्पती भारतात परंपरेने वापरली जात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या निबंधाने ती रक्तदाबावरील औषध म्हणून जगभर पोहोचली. भारतीयांनी अभिमान बाळगावा अशीच ही कथा आहे. परंतु याच वनस्पतीतील द्रव्याने रक्तदाब फार उतरू शकतो आणि खिन्नतेची तक्रारही त्या औषधाच्या मागे लागली, हाही त्याच कथेचा भाग आहे. मुळीत सामर्थ्य असेल तर तिच्यात अपायाचीही शक्ती असणारच. एक पाकीट टाकून दुसरी पुडी उशाशी ठेवणे म्हणजे सुटका नव्हे.

पायरीपायरीने उतरण्याचे शास्त्र

सुटकेचा मार्ग आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालवले. रुग्णांनीच आपल्याला शिकवले, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली पुस्तिका आजही अनेक देशांत वापरली जाते. तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर : मात्रा सावकाश उतरवावी आणि वेग रुग्णाने ठरवावा.

२०२५ साली अमेरिकेतील व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या पुढाकाराने अनेक वैद्यकीय संघटनांनी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के कपात करून पाहावी आणि कोणत्याही परिस्थितीत दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी करू नये. येथे ‘चालू मात्रेच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मात्रा जसजशी खाली येते तसतसा कपातीचा तुकडाही लहान व्हायला हवा. पुष्कळांची गाडी शेवटच्या पाव गोळीशी अडते ती यामुळेच. अर्ध्यावरून पावावर येणे आणि पावावरून शून्यावर येणे दिसायला सारखे, मेंदूला मात्र दुसरी उडी फार मोठी असते.

व्यवहारात हे कसे साधते? अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी घेणाऱ्याला डॉक्टर पाव मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या लिहून देऊ शकतात. त्यांतील एकीचा चौथा हिस्सा कमी केला की एकूण मात्रा साडेबारा टक्क्यांनी उतरते. कोणाला ही पहिली पायरी सोसते, कोणाला याहून लहान पायरी लागते. त्या पायरीवर दोन ते चार आठवडे थांबायचे. त्रास झाला तर तेथेच अधिक थांबायचे. मागे धावायचे नाही आणि पुढेही रेटायचे नाही. काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्ष, काहींना त्याहून अधिक. औषध सावकाश सोडणाऱ्या विशिष्ट गोळ्या मोडून घ्यायच्या नसतात. अशा वेळी डॉक्टर साध्या गोळीवर किंवा दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या औषधावर आणून मग उतरवतात. हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. ज्यांना अपस्मारासाठी किंवा गंभीर मनोविकारासाठी हे औषध दिलेले आहे, त्यांनी स्वतःहून त्याला हात लावू नये. आणि ज्यांना पूर्ण सोडणे जमले नाही, परंतु मात्रा निम्म्यावर आली, त्यांनाही अपयशी म्हणू नये. निम्मी मात्रा म्हणजे धोकाही बराच कमी.

सावकाश सोडण्याचा हा विचार भारतीय वैद्यकाला परका नाही. अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम टाकू नये, अंशाअंशाने सोडावे, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. वाग्भटाने तर पावाने किंवा पावाच्या पावाने सोडण्याचा क्रम दिला आहे. पावाचा पाव म्हणजे सोळावा हिस्सा, सव्वासहा टक्के. संहिताकारांसमोर या गोळ्या नव्हत्या आणि त्यांच्या पायऱ्या दिवसांच्या होत्या, आठवड्यांच्या नव्हेत. तेव्हा आधुनिक औषधशास्त्र त्यांना आधीच ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु सवय शरीरात मुरते आणि मुरलेले हळूहळू उपसावे लागते, हे निरीक्षण त्यांनी केले होते. ‘आजच फेकून द्या’ म्हणणाऱ्यांनी परंपरेचे नाव घेण्यापूर्वी ती परंपरा वाचावी.

झोप पुन्हा शिकावी लागते

नुसती गोळी उतरवून भागत नाही. जी जागा रिकामी होते तेथे झोप यायला हवी. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप नीट येत नसेल तर ती जुनाट अनिद्रा. तिच्यावर पहिला उपचार कोणता? अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेने २०१६ साली आणि युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ साली एकमुखाने उत्तर दिले : निद्रेसाठीचा वर्तनोपचार. गोळीचा क्रमांक त्यानंतरचा.

या उपचारात गूढ असे काही नाही. पहिले सूत्र असे की अंथरूण केवळ झोपेसाठी. अंथरुणावर पडून वृत्तवाहिन्यांवरील आरडाओरड ऐकणे, मोबाइल चाळणे, उद्याच्या हिशेबांची उजळणी करणे बंद. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात शांत बसावे आणि झोप आली तरच परतावे. घड्याळ नजरेआड ठेवावे. दुसरे सूत्र शय्याकाल आवरण्याचे. समजा, एखादे गृहस्थ रात्री साडेनऊला आडवे होतात, पहाटे साडेपाचला उठतात आणि या आठ तासांत जेमतेम साडेपाच तास झोपतात. त्यांनी काही दिवस रात्री बाराला अंथरुणावर जावे आणि साडेपाचलाच उठावे. अंथरुणावरील वेळेपैकी पंचाऐंशी टक्के वेळ झोपेत जाऊ लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे अलीकडे सरकावे. अंथरुणावरील वेळ पाच तासांखाली कधीही नेऊ नये. अपस्मार, द्विध्रुवी मनोविकार, झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

उठण्याची वेळ रविवारीही तीच, उठल्यावर उघड्यावर सूर्यप्रकाश, शरीराला श्रम. पहाटेच्या शाखेत किंवा टेकडीवर नियमाने जाणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी उरकावी. संध्याकाळचा चहा सोडणे अनेकांना गोळी सोडण्याहून कठीण वाटते. पण चारच्या चहातील निम्मे उत्तेजक द्रव्य रात्री नऊलाही शरीरात असू शकते, हे ध्यानात घ्यावे.

या दोन उपायांची जोड काय करते? कॅनडातील क्वेबेकमध्ये ७६ प्रौढ आणि वयस्क रुग्णांवर झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. नुसती मात्रा उतरवणाऱ्यांपैकी ४८ टक्के, नुसता वर्तनोपचार घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के, तर दोन्ही एकत्र करणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक उपचार संपताना गोळीमुक्त झाले होते. योगाविषयीही पुरावा आहे. बंगळूरच्या संशोधकांनी एका वृद्धाश्रमातील ६९ जणांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या योगाभ्यासाने झोप लागण्याचा अवधी सरासरी दहा मिनिटांनी घटला आणि एकूण झोप सुमारे तासाभराने वाढली. त्याच अभ्यासात आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या गटात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष सारख्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. जो अभिमान केवळ अनुकूल आकडेच वाचतो, तो समाजाच्या कामाचा नाही.

लढाई कोणाकोणाची?

हा प्रश्न रुग्णाच्या एकट्याच्या गळ्यात बांधून चालणार नाही. पहिली मागणी डॉक्टरांकडे आहे. झोपेच्या गोळीच्या प्रत्येक नव्या चिठ्ठीवर आरंभासोबत अखेरची तारीखही असली पाहिजे आणि जुन्या प्रत्येक रुग्णाला उतरण्याचा आराखडा मिळाला पाहिजे. गोळी लिहिण्यापूर्वी घोरणे, थायरॉइड, खिन्नता, दुखणे, रात्रीची लघवी यांची चौकशी व्हायला हवी. अनेकदा झोप उडवणारा चोर तेथेच सापडतो. दुसरी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे. एच-१ ची नोंदवही कागदावर आहे, ती तपासणाऱ्याच्या हातात दिसू द्या. तिसरी मागणी शासनाकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा चांगली आहे. निद्रेचा वर्तनोपचार मराठीतून, तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवणे ही तिची पुढची पायरी व्हावी.

आणि सर्वांत मोठी मागणी समाजाकडे आहे. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. दारुडा म्हणून ज्याला झिडकारले जाते तो वस्तुतः रुग्ण आहे, हे महाराष्ट्राला शिकवण्यात त्या कार्याचा मोठा वाटा आहे. गोळीच्या विळख्यातील आजीला मात्र आजही दारात उभे करणारे दालन नाही, कारण तिच्या विळख्याला कोणी विळखाच मानत नाही. येथे कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. क्वेबेकमध्येच ६५ वर्षांवरील ३०३ जणांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषधांच्या दुकानांमार्फत गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना एक साधी पुस्तिका देण्यात आली. गोळीचे धोके आणि उतरण्याच्या पायऱ्या तिच्यात सांगितल्या होत्या. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. एका छापील पुस्तिकेने एवढे साधत असेल तर ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, वाचनालये आणि सेवावस्तीतील आरोग्यकेंद्रे यांना काय अशक्य आहे? मराठीत अशी पुस्तिका एखाद्या जाणकार डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरोघरी पोहोचवणे, हे कोणाही शाखेला, कोणाही मंडळाला एका वर्षात करता येण्याजोगे काम आहे.

घराचा वाटाही लहान नाही. उतरणीच्या काळात वाईट रात्री येणारच. त्या रात्री ‘झोपला का नाहीत?’ असे विचारणारा नको, शेजारी बसणारा हवा. सकाळी फिरायला सोबत जाणारा हवा, गोळीचे तुकडे मोजून डबीत ठेवणारा आणि प्रत्येक पायरीची तारीख वहीत लिहिणारा हवा. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या समाजाला आपल्या कुटुंबाची कसोटी पाहायची असेल तर ती अशा रात्री पाहावी.

चरकाने निद्रेला शरीराच्या तीन आधारांपैकी एक मानले, आहाराच्या बरोबरीने. असा आधार पाकिटातून विकत घेऊन उभा राहत नाही. तो शिस्तीने, धीराने आणि माणसांच्या सोबतीने पुन्हा उभारावा लागतो. घरोघरच्या औषधाच्या डब्यात पडून असलेल्या चिठ्ठ्या उद्या सकाळी बाहेर काढाव्यात, डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि एकच प्रश्न विचारावा : ‘आरंभ आपण लिहिलात, आता शेवटाचा आराखडाही लिहून द्या.’ हा प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर ती न लिहिलेली ओळ लिहिणे वैद्यकाला आणि शासनाला भाग पडेल.